ऊन दुपारचं, आग रात्रीची

प्रश्न : परीक्षा संपल्यावर आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं, मग तारकर्लीला जेवणवेळेपर्यंत पाण्यात डुंबलो. वारा होता, पाणी गार होतं, कुणालाच काही झालं नाही. रात्री मात्र पाठ गादीला टेकवेना. सासूबाई म्हणाल्या दही लावा, मेव्हणा म्हणाला बर्फ चोळा, लॉजच्या मालकीणबाईंनी कोकमतेलाचा गोळा पुढे केला आणि गावातल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. चौघांपैकी बरोबर कोण? आणि ऊन दुपारी लागलं, तर आग रात्री का झाली?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचा निम्मा निकाल आपोआप लागतो.

ऊन लागलं म्हणजे तव्याचा चटका बसला, तसंच काहीतरी झालं असेल, असं आपण धरून चालतो. पण चटका बसला की हात त्याच क्षणी मागे येतो. तुमची पाठ चार तास मागे आली नाही. कारण उन्हात दोन गोष्टी एकत्र येतात. घाम काढते ती उष्णता आणि कातडी भाजतात ते अतिनील किरण. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. ते ओळखणारं इंद्रियच आपल्याला नाही. वाऱ्याने आणि पाण्याने उष्णता पळवली, तुम्हाला छान वाटलं आणि किरणांचं काम बिनबोभाट चालू राहिलं. त्यातून स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पालथा तरंगतो, म्हणजे पाठ थेट आभाळाकडे. पाण्याचाही फारसा आडोसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे अर्धा मीटर खोलीवरसुद्धा पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के शिल्लक असतात.

उष्णता आणि भाजणं यांची ही फारकत कळायला माणसाला बराच काळ लागला. १८२० च्या सुमारास एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यविशारदाने आपलेच दोन्ही हात उन्हात धरले. एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड. कापडाखालचा तापमापक जास्त चढला, पण भाजला तो उघडा हात. १८८९ मध्ये योहान विडमार्क या स्वीडिश नेत्रवैद्याने विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश गाळून गाळून त्वचेवर सोडला आणि लाली येते ती अतिनील भागामुळेच, हे दाखवून दिलं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने तर आपल्या हातावर शाईचा पट्टा ओढला आणि तो उन्हात ठेवला. आजूबाजूची कातडी लाल झाली, शाईखालची पांढरी राहिली. मग शाई पुसून त्याने तोच हात पुन्हा उन्हात धरला, तेव्हा आधी झाकलेला पट्टा भाजला आणि पहिल्यांदा भाजून रापलेला भाग टिकून राहिला. प्रकाशाने रोग बरे करण्याच्या कामासाठी याच फिन्सेनला १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता रात्रीचं कोडं. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात आणि उरलेले थोडे यूव्हीबी. भाजण्याचं मुख्य काम मात्र हे उरलेलेच करतात. ते त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींत शिरून थेट डीएनएवर घाव घालतात, शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. आरएनएचीही मोडतोड होते. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी दाखवलं, की जखमी पेशींतून बाहेर पडलेले आरएनएचे तुकडे शेजारच्या धडधाकट पेशी ओळखतात आणि त्याच दाहाची हाक देतात.

या हाकेला उत्तर यायला वेळ लागतो. पेशींनी प्रोस्टाग्लँडिन आणि तत्सम द्रव्यं तयार करायची, त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावायच्या, जादा रक्त धावून यायचं, वेदनेच्या नसा हळव्या व्हायच्या. हे सगळं जमून येईपर्यंत तीन ते सहा तास जातात. आग सर्वांत जास्त होते ती १२ ते २४ तासांनी. म्हणून अकरा-बाराची उन्हं रात्री नऊला बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी दाह ओसरतो. ज्या पेशींची दुरुस्ती होण्याजोगी नसते त्या स्वतःच स्वतःला संपवतात आणि चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान त्यांची सालपटं निघतात.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. रात्री पाठ लाल दिसली तेव्हा इजा होऊन कित्येक तास उलटले होते. दही, बर्फ, तेल, ट्यूब, यांतलं काहीही ती इजा परत फिरवत नाही. दुरुस्ती शरीर स्वतः करतं आणि त्याच्या वेळेनेच करतं. आपल्या हाती दोनच कामं उरतात : दुखणं सुसह्य करायचं आणि दुरुस्तीच्या आड यायचं नाही. घरगुती उपायांतले बहुतेक पहिलं काम थोडंफार करतात, पण दुसऱ्या कामात घोटाळा करून ठेवतात.

आता चौघांचा निकाल.

मेव्हण्याचा बर्फ : नापास. भाजलेल्या कातडीवर बर्फ चोळला की तिथलं रक्त एकदम आटतं आणि आधीच दुखावलेल्या पेशींना थंडीची वेगळी इजा होते. गार हवं, गोठवणारं नको. नळाच्या साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं हळू अंघोळ करावी किंवा जुन्या धोतराचा, सुती साडीचा मऊ तुकडा ओला करून पाठीवर पसरावा. तो कोमट झाला की पुन्हा भिजवावा. दिवसातून तीन-चार वेळा हे करायला हरकत नाही. फवाऱ्याचा मारा, घासणी, साबण आणि उटणं यांना चार दिवस सुट्टी द्यावी. अंग पुसायचं तेही टिपून.

सासूबाईंचं दही : काठावर पास. फ्रिजमधलं दही गार असतं म्हणून बरं वाटतं, पण ते काम ओलं फडकंही करतं. दही आंबट असतं, त्यामुळे चुणचुण वाढू शकते, आणि कातडी फुटली असेल किंवा फोड आले असतील तर दह्यातले जंतू तिथे नकोच. ते दही घुसळून ताक करावं, मीठ घालून सगळ्यांनी प्यावं. भाजलेल्या भागाकडे रक्त आणि पाणी ओढलं जातं, शिवाय दिवसभर समुद्रावर घाम गेलेलाच असतो. ताक, कोकम सरबत, पन्हं, साधं पाणी यांतलं काहीही चालेल, पण भरपूर हवं. बिअर चालणार नाही. तिने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

मालकीणबाईंचं कोकमतेल : वस्तू चांगली, वेळ चुकली. गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात तेच हे. पायांच्या भेगांवर कोकणातली माणसं ते पिढ्यान्‌पिढ्या लावत आली आहेत. पण पहिल्या रात्री अंगातून वाफा निघत असताना कुठलंही घट्ट स्निग्ध लावलं, मग ते कोकमतेल असो, तूप असो की पेट्रोलियम जेली, की उष्णता आतच कोंडते. पहिले दोन दिवस पातळ, बिनवासाचं मॉइश्चरायझर, तेही अंग जरा ओलसर असतानाच लावावं. आग विझून कातडी ताणल्यासारखी कोरडी वाटू लागली की कोकमतेल किंवा खोबरेल हवं तितकं लावा. मालकीणबाईंना नमस्कार सांगा आणि गोळा जपून ठेवा.

मेडिकलवाल्याची ट्यूब : इथे जरा थांबू. त्या ट्यूबवर काय छापलंय ते वाचा. घटकांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. भाजून झाल्यावर स्टिरॉइडचं मलम लावण्याचा उपयोग तपासून पाहिला गेला आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत त्याने सांगण्याजोगा फरक पडला नाही. उलट आपल्याकडे ही मलमं गोरं करणारी क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली जातात आणि कातडी पातळ होणं, लाली, पुटकुळ्या, अंगावर केस येणं असे प्रकार होतात. त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी कायम ओरडत असतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब उघडू नये. बधिर करणारे फवारेही टाळावेत, त्यांतल्या काहींची भाजलेल्या कातडीवर ॲलर्जी उठते.

चौघांनीही न सांगितलेला उपाय म्हणजे गोळी. दाहाला कारणीभूत असलेल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती आयबुप्रोफेन रोखतं, म्हणून पहिल्या संध्याकाळीच जेवणानंतर घेतलं तर त्याचा उपयोग होतो. पित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते घेऊ नये. तिथे पॅरासिटामॉल बरं. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर आधी पोटभर पाणी, मग गोळी. मुलांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नये.

आणि कोरफड? घराघरांत कुंडीत असते, त्यामुळे तिचं नाव आलं नाही याचंच नवल. उन्हाने भाजल्यावर तिचा किती उपयोग होतो याबद्दल चाचण्यांचा कौल एकमुखी नाही. पण तिचा गर गार असतो, पातळ असतो, ओल धरून ठेवतो आणि बहुतेकांना सोसतो, म्हणून लावायला हरकत नाही. फक्त पान कापल्या कापल्या चोळू नये. सालीलगत एक पिवळा, कडू चीक असतो. तोच आटवून काळा बोळ करतात, जो जुलाबासाठी वापरतात. हा चीक कातडीला झोंबतो. म्हणून पान कापून थोडा वेळ उभं धरावं, चीक निथळू द्यावा, धुवावं आणि मग मधला पारदर्शक गर काढावा.

फोड आले तर फोडू नयेत. आतलं पाणी स्वच्छ असतं आणि वरची कातडी हेच त्याचं सर्वांत चांगलं बँडेज. सालपटं सुटू लागली की मुलं ती ओढत बसतात. त्यांना आवरा, कारण खालची कातडी अजून कच्ची असते. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस यांतलं काही लावू नये. डॉक्टरांना फोड पाहायचा असतो, त्यावरचा लेप नव्हे.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तळहाताहून मोठ्या भागावर फोड आले, ताप किंवा हुडहुडी भरली, उलट्या होऊ लागल्या, चक्कर येऊ लागली, बोलण्यात गोंधळ दिसला, फोडांत पू झाला, किंवा भाजलेलं मूल वर्षाच्या आतलं असलं, तर वाट पाहू नये. गोंधळलेलं बोलणं आणि तापलेलं अंग ही उष्माघाताची खूण आहे. तो वेगळा आजार आहे, सावलीतही होतो आणि जिवावर बेततो. दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतात, कारण भाजलेल्या कातडीला नीट घामही येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळे सावळे. सनबर्न हा गोऱ्या साहेबांचा आजार, आपण फक्त काळवंडतो, असं वडील म्हणतात. खरं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वडिलांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशींच्या डीएनएवर छत्री धरून बसतं. १९७९ साली झालेल्या एका मोजमापात गडद काळ्या कातडीच्या वरच्या थराचं संरक्षण, सनस्क्रीनच्या भाषेत सांगायचं तर, सरासरी १३ एसपीएफच्या आसपास आढळलं, गोऱ्या कातडीचं साडेतीनहून कमी. आपण बहुतेक मराठी माणसं या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. म्हणजे लंडनहून आलेला पाहुणा कळंगुटच्या वाळूवर वीस मिनिटांत लाल होईल, तिथे आपल्याला फार तर तासभर मिळेल. पण समुद्रावर आपण चार तास काढतो.

खरी अडचण ओळखण्याची आहे. पुस्तकांत सनबर्नचं वर्णन असतं लाल कातडी. सावळ्या पाठीवर ती लाली दिसतच नाही, फार तर जरा काळपट-जांभळट झाक येते. म्हणून रंगावर जाऊ नये. हाताचा पालथा भाग लावून पाहावा. तिथे ऊब जास्त आहे का, कातडी ताणल्यासारखी वाटते का, शर्टाचा स्पर्शही खुपतो का, हे विचारावं. दोन-तीन दिवसांनी खाज आणि बारीक सालपटं आली तर शंका उरत नाही.

आणि काळवंडणं म्हणजे काही न होणं नव्हे. उन्हात असतानाच येणारा काळसरपणा यूव्हीएमुळे असतो, तो आधीच असलेल्या मेलॅनिनचा बदललेला रंग. दोन-तीन दिवसांनी जे खरं रापणं सुरू होतं, ते डीएनएला इजा झाल्याचं कळल्यावर कातडीने उभारलेलं नवं कुंपण असतं. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या मानाने कमी आढळतो, हे मेलॅनिनचं देणं. पण वांग, डाग, लवकर पडणाऱ्या सुरकुत्या यांपासून ते पूर्ण वाचवत नाही. त्यात यूव्हीए काचेतूनही येतात. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ड्रायव्हरचं छायाचित्र २०१२ मध्ये तिथल्या एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता.

प्रश्न : लेहला थंडीने कुडकुडत होतो, तरी नाक आणि हनुवटी खालच्या बाजूने भाजली. खालच्या बाजूने ऊन कुठून आलं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जमिनीवरून. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत उडवतो. समुद्राची वाळू जेमतेम १५ टक्के, फेसाळ पाणी २५ टक्के. म्हणून बर्फाच्या प्रदेशात नाकपुड्या, हनुवटीखालचा भाग, कानांच्या पाळ्या अशा जागा भाजतात, जिथे सनस्क्रीन लावायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. दुसरं कारण उंचीचं. दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा किरण तिथे तिपटीने नव्हेत, पण तिसऱ्या हिश्शाने नक्की जास्त. थंडीमुळे सावध होण्याचं कारणही उरत नाही.

अशा प्रवासात डोळ्यांना विसरू नका. बुबुळावरचा पापुद्राही कातडीसारखाच भाजतो आणि तोही काही तासांनी बोलतो. संध्याकाळी हॉटेलात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, अंधाऱ्या खोलीत गार पट्टी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावं. बहुधा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. बाजूनेही झाकणारा, अतिनील किरण पूर्ण अडवणारा गॉगल लावला तर हे सगळं टळतं. काच काळी असणं पुरेसं नाही, गॉगलवर यूव्ही ४०० असं लिहिलेलं असावं.

प्रश्न : बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे आणि ती सहलीवरून रापून आली आहे. आई लिंबू-बेसन लावायला सांगते, पार्लरवाली डी-टॅन आणि ब्लीच. काय करावं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लिंबू आधी स्वयंपाकघरात परत ठेवा. लिंबाच्या सालीत आणि रसात काही द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना यूव्हीए पडले की कातडी भाजते. हे भाजणं साध्या सनबर्नहूनही उशिरा, दोन-तीन दिवसांनी भरात येतं. फोड येतात आणि मागे राहतात ते तपकिरी ओघळ, कित्येक आठवडे न जाणारे. आपलं कागदी लिंबू यात आघाडीवर असतं. अंजिराचा चीकही तसाच.

हाच गुण आपल्या वैद्यांनी औषध म्हणून फार पूर्वी ओळखला होता. कोडावर बावचीच्या बियांचं तेल लावून उन्हात बसायला सांगतात, ते याच तत्त्वावर. बावचीत सोरॅलेन असतं, ते कातडीला प्रकाशाबाबत हळवी करतं आणि रंग येऊ लागतो. इजिप्तमध्ये अशाच एका वनस्पतीवरून १९४० च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी कोडावर आधुनिक उपचार विकसित केले आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ सोरॅलेन देऊन मोजून-मापून यूव्हीए देतात. रंग यावा म्हणून जे द्रव्य वापरतात त्याच्या भाऊबंदांनी चेहरा धुवून रंग उतरेल कसा?

ब्लीचचं तसंच. भाजलेली कातडी निदान दोन आठवडे ब्लीच, स्क्रब, वॅक्सिंग, फेशियल यांपासून लांब ठेवा. मुलतानी मातीही नको, कोरड्या कातडीची ती आणखी ओल शोषून घेते. वरच्या थराची कातडी साधारण महिनाभरात नवी होते, त्यामुळे रापलेपण आपोआप उतरू लागतं. अट एकच, दरम्यान पुन्हा ऊन खायचं नाही. तीन आठवडे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, स्कार्फ आणि छत्री. स्कूटरवर स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्या पुण्याच्या मुलींची कितीही थट्टा झाली असली तरी या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे.

बहीण काही औषधं घेते का, तेही विचारा. मुरुमांसाठीच्या किंवा पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, रक्तदाबावरच्या थायझाइड वर्गातल्या गोळ्या, मुरुमांची काही मलमं यांमुळे कातडी नेहमीपेक्षा लवकर भाजते. गोळी बंद करू नका, ऊन बंद करा.

प्रश्न : सनस्क्रीन लावूनही मी भाजलो. पैसे वाया गेले का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : किती लावलंत ते सांगा, मग बोलू. डबीवर छापलेला एसपीएफ प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगासाठी हे प्रमाण ३० ते ३५ मिली भरतं. म्हणजे ५० मिलीची ट्यूब चौघांच्या कुटुंबाला एका सकाळीही पुरायला नको. आपल्याकडे ती दोन उन्हाळे पुरते! कमी लावलं की ५० चा एसपीएफ प्रत्यक्षात कितीतरी खाली येतो.

चेहरा आणि मान यांच्यासाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीभर क्रीमची रेघ घ्यावी. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबीपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने ९८. दोघांतला फरक लहान आहे, नीट लावण्या-न लावण्यातला मोठा. एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजण्याचा. यूव्हीएसाठी ट्यूबवर पीएपुढे निदान तीन अधिकची चिन्हं पाहावीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली हवी.

प्रश्न : एक दिवस भाजलो, पण सहलीचे अजून दोन दिवस शिल्लक आहेत. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरावं का?
— डोंबिवलीच्याच वाचकांचा पुरवणी प्रश्न

उत्तर : पाण्यात उतरा, पण दुपारी नको आणि उघड्या पाठीने तर नकोच. भाजलेल्या कातडीवर दुसऱ्या दिवशी पुन्हा किरण पडले की कालच्या अर्धवट दुरुस्तीवर नवी मोडतोड होते. पातळ पांढरा बनियन घालून सुटका होत नाही, तो ओला झाला की किरण आरपार जातात. पोहण्याचा लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा, गडद रंगाचा टी-शर्ट मिळतो, तो घ्या.

वेळ ठरवायला घड्याळाचीही गरज नाही. वाळूत उभं राहून आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आहे आणि किरणांना हवेतून कमी अंतर कापावं लागतंय. मालवणला एप्रिलमध्ये हे साधारण सकाळी साडेनऊपासून पावणेचारपर्यंत चालतं. मे महिन्यात तर सूर्य महाराष्ट्राच्या एकेका गावाच्या बरोबर माथ्यावरून जातो आणि शाळेतली मुलं शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. त्या आठवड्यात जेवून दुपारी झोपा काढा, पत्ते खेळा, मालवणी जेवणाला न्याय द्या. पाणी साडेचारनंतरही तिथेच असतं, आणि तोपर्यंत भरतीची वेळ विचारून घेता येते.